जन्माची नोंद आणि तिची नक्कल

शाळेचे नवे सत्र सुरू होण्याच्या सुमारास आमच्या टेबलावर जे कागद येतात, त्यांत मुलांच्या जन्माचा पुरावा म्हणून पालकांनी आणलेल्या वस्तू पाहिल्या तर एक लहानसे प्रदर्शन भरवता येईल. कोणी इस्पितळातून घरी जाताना मिळालेला डिस्चार्जचा कागद आणतो, कोणी लसीकरणाचे कार्ड, कोणी आजोबांनी हौसेने करून घेतलेली, हळदीकुंकवाचे बोट लावलेली जन्मपत्रिका. एका पालकांनी तर बारशाची छापील निमंत्रणपत्रिका पुढे केली होती. या सर्व कागदांविषयी आम्हांला आदर आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने मूल जन्मले याचा पुरावा एकच, आणि तो म्हणजे निबंधकाच्या जन्मनोंदवहीतील नोंद. आपल्या हाती येते ती त्या नोंदीची प्रमाणित नक्कल.

‘नक्कल’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहो. पुष्कळ सुशिक्षित माणसेही प्रमाणित नक्कल आणि साक्षांकित प्रत यांत घोटाळा करतात. झेरॉक्सवर आमच्यासारख्या मुख्याध्यापकाने सही-शिक्का केला, तर त्याचा अर्थ इतकाच की ही प्रत समोर ठेवलेल्या कागदाबरहुकूम आहे. मूळ कागदच चुकीचा असेल तर आमच्या सहीने तो बरोबर होत नाही. उलट निबंधक जेव्हा आपल्या सहीचा उतारा देतो, तेव्हा ‘आमच्या वहीत अशी नोंद आहे’ असे तो सांगत असतो. वही हे मूळ, उतारा हे तिचे प्रतिबिंब. प्रतिबिंबात काही वावगे दिसले तर आरसा पुसून उपयोग नाही, वहीपर्यंत जावे लागते. हे एकदा ध्यानात आले की कचेरीतील निम्मे हेलपाटे वाचतात.

या वहीला आजचे स्वरूप जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ या कायद्याने दिले. बहुतेक राज्यांत तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वीही नोंदी होत, पण संस्थानांची रीत वेगळी, इंग्रजी मुलखाची वेगळी, आणि खेड्यातील नोंद चौकीदाराच्या स्मरणशक्तीवर. १९६९ च्या कायद्याने घरी मूल जन्मल्यास कुटुंबप्रमुखावर आणि इस्पितळात जन्मल्यास तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यावर ही खबर देण्याची जबाबदारी टाकली. मुदत एकवीस दिवसांची. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून काम होते. तीस दिवस उलटून वर्ष व्हायच्या आत गेल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा हुकूम. पूर्वी हा हुकूम प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याकडून, म्हणजे न्यायालयातून, आणावा लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडून मिळतो. तेवढी एक पायरी सोपी झाली.

ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली आणि तिने या कागदाचे वजन फार वाढविले. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन चालविण्याचा परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट आणि आधार या सर्वांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळ सिद्ध करण्यास जन्मप्रमाणपत्र हाच कागद ठरविला आहे. म्हणजे आज पाळण्यात असलेल्या बाळाच्या प्रमाणपत्रात एखादे अक्षर चुकले, तर ते अक्षर त्याच्या मागे जन्मभर चालत राहील. आधीच्या पिढ्यांना दुसऱ्या कागदांचा आडोसा होता. या बाळांना तो उरलेला नाही.

तो आडोसा कसा असे, हे आम्हां शाळावाल्यांइतके कोणास ठाऊक? मध्य प्रदेशातील जुन्या शाळांची स्कॉलर रजिस्टरे उघडून पाहावीत. पानेच्या पाने १ जुलै या तारखेने भरलेली दिसतील. बाप मुलाला घेऊन येई, ‘सहा वर्षांचा असेल’ म्हणे, आणि सत्र जुलैत सुरू होत असल्याने गुरुजी सहा वर्षे मागे जाऊन १ जुलै लिहून मोकळे होत. महाराष्ट्रातील शाळा जूनमध्ये उघडत, म्हणून तिकडच्या पिढ्या १ जूनला जन्मल्या! या सामुदायिक वाढदिवसाची थट्टा पुष्कळ होते. पण त्या तारखेवर माणसे नोकरीला लागली, बढत्या पावली आणि सेवानिवृत्त झाली; तेव्हा तिला नुसती थट्टा म्हणून सोडून देता येत नाही.

आता आपल्या मराठी कुटुंबांच्या खास अडचणींकडे वळू. पहिली अडचण माहेरची. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सून इंदूरची आणि माहेर बेळगावचे, किंवा सासर बडोद्याचे आणि माहेर ग्वाल्हेरचे, असे आपल्या समाजात सर्रास असते. बाळ दोन-तीन महिन्यांचे होऊन घरी येते, आणि चार वर्षांनी बाप आपल्या राहत्या शहराच्या निगमाच्या खिडकीवर जाऊन उभा राहतो. बाबू वही चाळतो आणि नोंद नाही असे सांगतो. बाप संतापतो. वास्तविक बाबूचे काही चुकलेले नसते. जन्म जेथे झाला तेथेच तो नोंदला जातो; आईबाप कोठे राहतात याच्याशी त्याचा संबंध नाही. बेळगावच्या वहीतील नोंद इंदूरला आणता येत नाही, आणि आणण्याची गरजही नसते. तेथील दाखल्यावर कन्नडबरोबर इंग्रजीही असते व तो देशभर चालतो. इकडे ‘मूल येथेच जन्मले’ असे शपथपत्र करून दुसरी नोंद करून देणारे दलाल असतात, त्यांच्या नादी कोणी लागू नये. एका माणसाचे दोन जन्म दोन राज्यांत नोंदले गेले की पुढे पासपोर्टच्या वेळी कोणता खरा हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे, हे वेगळेच.

यावर उपाय अगदी साधा आहे. बाळंतीण माहेरहून निघताना आईने जशी डिंकाच्या लाडवांची बरणी सोबत द्यावी, तसा वडिलांनी जन्मदाखला द्यावा. खबर देणाऱ्यास पहिला दाखला विनामूल्य मिळण्याची तरतूद मूळ कायद्यातच होती. २०२३ च्या दुरुस्तीने तो नोंदीपासून सात दिवसांच्या आत द्यावा असे म्हटले आहे.

दुसरी अडचण नावाची. इस्पितळातून खबर जाते तेव्हा बाळाचे नाव ठरलेले नसते, म्हणून तो रकाना रिकामा राहतो. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी, फार तर तेराव्या. म्हणजे एकवीस दिवसांची मुदत आपल्या रीतीला सोयीची आहे. आत्याबाईंनी कानात कुर्र केले की दुसऱ्या दिवशी काकांनी कचेरीत जावे, इतकी सवड त्यात असते. पण नाव मुलाच्या कानात सांगितले जाते, निबंधकाच्या कानात कोणी सांगत नाही! नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत नाव शुल्काशिवाय घालता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. मात्र एकदा घातलेले नाव हौसेखातर बदलता येत नाही. घरात ‘चिऊ’, पत्रिकेत राशीवरून निघालेले जन्मनाव, पाळण्यातले तिसरेच आणि शाळेत घालताना आईला आवडलेले चौथे, अशी आपली तऱ्हा. यांपैकी कोणते कागदावर चढणार याचा निर्णय कचेरीत जाण्यापूर्वी घरी झालेला बरा. खिडकीसमोर उभे राहून नवराबायकोने वाद घातलेला आम्ही पाहिला आहे; मागच्या रांगेने त्यात मतेही दिली.

तिसरी अडचण ही आमच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याची. ती आहे ‘ळ’ची.

हिंदी प्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाचा ‘ळ’ कचेरीच्या उंबरठ्यावर गळून पडतो. काळे यांचे काले होते, गोळे यांचे गोले, बाळकृष्णाचा बालकृष्ण. टिळकांनासुद्धा इकडे तिलक व्हावे लागले आणि खुद्द माळव्याला मालवा, तिथे आपली काय कथा! आमच्या शाळेत दहावीला एक अतिशय हुशार मुलगी होती. आडनाव काळे. पहिलीत नाव घालताना वर्गशिक्षिका मराठी होत्या, त्यांनी रजिस्टरात शुद्ध ‘काळे’ लिहिले. जन्मदाखल्यावर ‘काले’. वडिलांच्या एका कागदावर काले, दुसऱ्यावर काळे. इंग्रजीत मात्र सगळीकडे एकच. नववीपर्यंत कोणाचे काही अडले नाही. दहावीत शिष्यवृत्तीच्या अर्जाची छाननी करताना पडताळणी करणाऱ्याने आक्षेप घेतला, की दाखल्यावरची मुलगी आणि शाळेतली मुलगी एक आहेत कशावरून? मुदत होती नऊ दिवसांची. वडील खासगी दुकानात मुनीम. एक दिवस रजा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. आणि त्या शिष्यवृत्तीवर मुलीचे अकरावीचे शिक्षण अवलंबून.

वडिलांचा विचार असा, की शाळेतच ‘काले’ करून टाकावे, म्हणजे भानगड मिटली. मुलगी ऐकेना. तिने आमच्यासमोर शांतपणे सांगितले, “सर, माझ्या आजोबांच्या नावाची पाटी दारावर आहे. त्यात ळ आहे.” आम्ही मराठीचे एम. ए., तेव्हा आमचा कौल कोणीकडे हे सांगणे नको. पण भावनेवर कचेरी चालत नाही. सुदैवाने कायद्याच्या पंधराव्या कलमात यासाठी तरतूद आहे. नोंदीत लेखनाची किंवा आशयाची चूक आहे अशी निबंधकाची खात्री पटल्यास तो ती दुरुस्त करू शकतो, आणि त्या दुरुस्तीची रीत मोठी सुंदर आहे. मूळ नोंदीला हात लावायचा नाही, खाडाखोड करायची नाही. बाजूच्या समासात दुरुस्तीची नोंद करायची आणि निबंधकाने सही करून तारीख घालायची. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते आणि कोणी केव्हा केली तेही दिसते. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना आम्हीही हीच पद्धत सांगत आलो आहो.

वडिलांचा शालान्त दाखला, आजोबांच्या नोकरीचा कागद, शाळेच्या रजिस्टराचा आमच्या सहीचा उतारा आणि शपथपत्र असे चार कागद जोडून अर्ज दिला. खिडकीवरचे बाबू प्रथम म्हणाले, की संगणकात हे अक्षरच नाही. अक्षर आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीवर ‘ल’ आहे, त्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ळ’ उमटतो. मुलीनेच ते त्यांना दाखविले. बाबू माणूस चांगला. स्वतःच दोन वेळा उमटवून पाहिला आणि हसला. दुरुस्त दाखला सातव्या दिवशी हाती आला. सर्वांचे इतक्या लवकर होते असे मुळीच नाही. येथे कागद पूर्ण होते आणि वडिलांनी एका अर्जात एकच गोष्ट मागितली होती. पुष्कळ लोक नाव, तारीख आणि पत्ता यांची दुरुस्ती एकाच कागदावर मागतात आणि तिन्हींचा गुंता करून बसतात.

मग ज्यांचे सर्व कागद आधीच ‘काले’ झाले आहेत त्यांनी काय करावे, असे वाचक विचारतील. आमचे मत स्पष्ट आहे. नोकरी, बँक, पेन्शन सर्व एका रूपावर सुखाने चालले असेल तर प्रौढ माणसाने ते हलवू नये. परंतु नव्या बाळाच्या वेळी अर्ज भरताना वडिलांनी स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरांत ‘ळ’ काढावा. आता अर्जात आईवडिलांचे आधार क्रमांकही मागतात, म्हणून आईचे माहेरचे नाव आधारावर तसेच राहिले असेल तर दाखल्यावर कोणते यावे, हेही आधीच ठरवावे. गोव्यातील आमच्या वाचकांस याचे फारसे नवल वाटणार नाही. पोर्तुगीज अमदानीतील नोंदवह्यांत प्रभूंचे ‘पोरोब’ आणि शेणव्यांचे ‘सिनाई’ झालेले त्यांनी पाहिलेच आहे.

आता वृद्धांविषयी. आमच्या आळीत एक आजी आहेत. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यांच्या पश्चात आजींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. केंद्राच्या नियमाप्रमाणे ऐंशी वर्षे पूर्ण झाली की मूळ निवृत्तिवेतनात वीस टक्क्यांची वाढ होते. आजींची पत्रिका सांगते शके १८६५, श्रावण वद्य. म्हणजे इसवी सन १९४३. ऐंशी वर्षे २०२३ मध्ये भरली. पण मतदार ओळखपत्र करणाऱ्याने अंदाजाने जे वय लिहिले, त्यावरून पुढच्या सर्व कागदांवर जन्मसाल १९४८ पडले. पाच वर्षांचा फरक, आणि पाच वर्षे वीस टक्के म्हणजे आजींच्या औषधांचा खर्च.

मुलाने पत्रिका एका स्थानिक शास्त्रीबुवांकडून इंग्रजी तारखेत उतरवून आणली. तीत जुलैचा उत्तरार्ध आला. आम्हांला शंका आली. उत्तर हिंदुस्थानात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचे महिने जुळतात, वद्य पक्षात मात्र एका महिन्याचे अंतर पडते. आपली श्रावण वद्य अष्टमी ती त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, गोकुळाष्टमी मात्र एकच. शास्त्रीबुवांनी श्रावण आपल्या रीतीने धरला होता. पत्रिका मराठी जोशांनी केलेली, तेव्हा तारीख ऑगस्टच्या उत्तरार्धातच यायला हवी. पत्रिकेवरून तारीख काढताना आणखी एक गोष्ट पाहावी. आपला वार सूर्योदयाला बदलतो, सरकारचा मध्यरात्री. पहाटे तीनला जन्मलेल्याचा वार घरी सोमवार असेल, तर वहीत मंगळवारची तारीख हवी.

जन्मगावच्या ग्रामपंचायतीत १९४३ ची नोंद सापडली नाही. अशा वेळी ‘नोंद उपलब्ध नाही’ असे प्रमाणपत्र मागून घ्यावे. तेही ठरलेल्या नमुन्यात मिळते आणि विलंबित नोंदणीच्या अर्जास तेच पहिले जोडायचे असते. आजी चौथीपर्यंत शिकल्या होत्या, हे कोणाच्या ध्यानातच नव्हते. आम्ही त्या गावच्या मुख्याध्यापकांस पत्र लिहिले. त्या सज्जन गृहस्थांनी ओलसर पेटीतून जुने रजिस्टर काढून नोंद शोधली. नाव बरोबर, वडिलांचे नाव बरोबर, जन्मतारीख १ जुलै १९४३!

मुलगा म्हणाला, ही तारीख तर खोटी आहे. आजी म्हणाल्या, “अरे, वर्ष तर खरं आहे ना? माझा वाढदिवस मी तिथीने करीन. सरकारने त्याचा १ जुलैला करावा.” आमचाही सल्ला तोच होता. पत्रिका खासगी कागद आहे, शाळेचे रजिस्टर सार्वजनिक. सत्तर वर्षांपूर्वी, निवृत्तिवेतनाचा विचारही कोणाच्या मनात नसताना झालेली नोंद दंडाधिकाऱ्यांपुढे अधिक टिकेल. अर्ज दाखल झाला आहे. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. मूळ रजिस्टर दाखविण्यासाठी ते मुख्याध्यापक स्वतः येणार आहेत.

मात्र प्रत्येक घरातील आजीआजोबांचा जन्मदाखला काढण्यास कोणी धावू नये. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना दुसरे पुरावे आजही चालतात. जेथे काही अडले असेल तेथेच हा खटाटोप करावा.

राहता राहिल्या बारीकसारीक गोष्टी. जुन्या नोंदीचा शोध घेण्यास शुल्क असते व ते वर्षागणिक वाढते, म्हणून जन्मसाल आणि इस्पितळाचे नाव नक्की करून जावे. नक्कल मागायची ती एकदम दोन-तीन मागावी. दाखला प्लास्टिकमध्ये कायमचा बंद करून आणू नये, कारण काही कचेऱ्या तो घेत नाहीत. आता पुष्कळ ठिकाणी संगणकावरचा दाखला मिळतो. त्यावरील चौकोनी ठिपक्यांची खूण मोबाईलने पाहून खरेपणा तपासता येतो. आणि दाखला हाती पडताच खिडकीपासून हलण्यापूर्वी तो हिंदीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे, अक्षर न् अक्षर वाचावा. मागची रांग कुरकुर करील. करू द्यावी.